सोडवलेली वायर

माझ्या जिभेला हाड नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भूमिका, माझी सतरा वर्षांची लेक, रोज मला बॅटरीच्या गाडीवर मागे बसवून रनाळ्याहून नंदुरबारच्या मिरची बाजारात सोडते नि कॉलेजला जाते. गाडीला नंबर नाही, तिला लायसन नाही. ‘ताशी पंचवीसच्या आत पळते तोवर ही कायद्यानं मोटारगाडीच नाही,’ हे तिला पाठ. आणि मी रोज मागून टोमणा मारायची, ‘अगं, बैलगाडी गेली पुढे!’

शेवटी काल राजेंद्र मेकॅनिकला गाठलं. त्यानं सीटखालची वेग अडवणारी वायर सोडवून दिली. सगळेच सोडवतात म्हणे. भूमिकाला सांगितलं नाही. वेगाचं मीटर तर दसऱ्यापासूनच बंद.

आज गाडी झकास पळाली; भूमिकाला वाटलं, बॅटरी पुरती भरलीय. आणि शहराअलीकडच्या वळणावर आरटीओची जीप! साहेब एकेक बॅटरीची गाडी स्टँडवर चढवून, मूठ पिळून वेग बघत होते. मी भूमिकाच्या खांद्यावर थाप मारली.

“थांब! उतर खाली!”

“कसाले? आपली गाडी कायदामा शे.”

“नाही शे. वायर मी काढायला लावली.”

ती उडी मारूनच उतरली. “आई, आते हाई मोटारसायकल व्हयनी! मी सापडनू ते पंचवीस वरीसनी व्हस तोपावत लायसन भेटाव नही.”

पंचविशीपर्यंत लायसन नाही! आणि हिला एसटीची ड्रायव्हर व्हायचंय हो! लहानपणापासून दुसरं काही बोलली नाही पोरगी. आणि मी काय करून बसले!

तेवढ्यात शिट्टी वाजली. आम्ही दिसलो होतो. मी तिच्या हातून हँडल हिसकलं. “तू मागे बसलेली होतीस, समजलं?” जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती मी. गाडी ढकलतच नेली.

“चालवत कोण होतं?” साहेबांनी विचारलं.

“मी.”

त्यांनी भूमिकाच्या डोक्यावरच्या हेल्मेटकडे बघितलं. “मग त्या टेम्पोपर्यंत चालवून दाखवा.”

“साहेब, खरं तर...” भूमिका पुढे आली.

“तू गप गं!” म्हणत मी बसले नि मूठ पिळली. गाडी अशी उधळली की विचारू नका. टेम्पो राहिला बाजूला, मी थेट रस्त्याकडेच्या चारीत. गुडघा सोलला, बांगड्या फुटल्या.

साहेबांनी मला उठवलं, वही काढली. 

“नाव?”

“प्रतिभा हेमकांत पाटील.”

ते भूमिकाकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझंच नाव लिहिलं, गाडी जप्त केली. जाताना हळूच तिला म्हणाले, “अठरा पूर्ण झाली की आधी लायसन काढ.”

बाजारापर्यंत चालत गेलो.  फाटकाशी खाली बसून तिनं माझ्या गुडघ्याला रुमाल बांधला.

“मन्ही एसटीमा पुढला शीटवर बसजो, आई,” ती म्हणाली. “पन टोमना मारू नको.”

गुडघ्यापेक्षा हे जास्त लागलं. नाही मारणार, म्हटलं.