जास्तीच्या तीन ओळी

मी एक जुने प्रोब फंक्शन, म्हणजे तपासणी करणारा छोटासा प्रोग्राम आहे, मित्रांनो. संगणकाच्या पायथन भाषेतल्या अवघ्या अकरा ओळी. आमच्या कार्यालयात संगणकयंत्रणेत मुद्दाम बिघाड घडवतात आणि ती सावरते का ते पाहतात. त्याआधी आणि त्यानंतर यंत्रणेची विचारपूस करणे हे माझे काम. मी 'नाही' म्हटले की सगळे जागच्या जागी थांबते.

मला चष्मेवाल्या ताईंनी लिहिले. रुग्णवाहिका केंद्रांना मी एक चाचणीचा निरोप पाठवायचे आणि तो पोहोचला का, ते बघायचे. पहिल्याच महिन्यात मी दोनदा 'नाही' म्हटले आणि दोन्ही वेळा ते खरे ठरले. "याच्या नजरेतून काही सुटत नाही," ताई म्हणाल्या, तेव्हा माझ्या अकरा ओळींवर मूठभर मांस चढले.

पुढे ताई दुसऱ्या कामावर गेल्या. एकदा साहेबांपुढे प्रात्यक्षिक होते, नेटवर्क अडखळत होते आणि मी सारखे 'नाही' म्हणत होते. ताईंच्या जागी आलेले नवे दादा घायकुतीला आले. त्यांनी माझ्यात तीन ओळी घुसवल्या: अडचण आली तरी 'हो'च म्हण. "आजच्यापुरतं. उद्या काढतो," ते पुटपुटले. तो उद्या दोन वर्षे उजाडला नाही. माझ्यापुढची हिरवी खूण बघून सगळे निर्धास्त झाले. माझा जीव मात्र टांगणीला लागला.

तोवर बिघाड सरावाच्या यंत्रणेत घडवत आणि खऱ्या यंत्रणेची मी नुसती विचारपूस करायचे; मग खऱ्या यंत्रणेवरच बिघाड घडवायचे ठरले. रुग्णवाहिकेसाठी आलेला कुणाचा फोन वाया गेला तरी मी मान डोलावणार होते! मला फार भीती वाटत होती.

त्या सकाळी ताई मुद्दाम आल्या. दादांचे बोट बिघाड सुरू करायच्या बटणावर होते. "थांब रे. आधी याचीच परीक्षा घेऊ." त्यांनी सरावाची यंत्रणा पूर्ण बंद केली आणि मला चालवले. मी 'हो' म्हटले.

दादांचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, त्या तीन ओळी माझ्या आहेत."

"काढ."

त्यांनी त्या काढल्या आणि मला पुन्हा चालवले. मी 'नाही' म्हटले. किती मोकळे वाटले म्हणून सांगू! मग ताईंनी मला खऱ्या यंत्रणेवर चालवले.

तिथेही 'नाही'च आले. एका केंद्राला निरोप पोहोचतच नव्हते.

दादांनी धावत जाऊन केंद्राला फोन लावला. "हे कधीपासून बंद आहे?" ताईंनी विचारले. दादांनी माझ्या नोंदी उघडल्या. दोन वर्षांच्या प्रत्येक ओळीत 'हो' लिहिलेले होते.

मित्रांनो, मला 'नाही' म्हणू द्या. आणि उत्तर 'नाही' आहे हे पक्के ठाऊक असेल, तेव्हाही मला अधूनमधून विचारून बघा.