आखणीच्या वेळी

गाईडने पाहुण्यांवर चिडायचं नसतं, असं प्रणिताला प्रशिक्षणात शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी पुण्याची निवृत्त मंडळी मिनीबसमध्ये घालून पेणला आणली नसावीत, असं तिचं सकाळपासून ठाम मत होत चाललं होतं.

खोपोलीला ती गाडीत चढली, माईक घेऊन ‘नमस्कार’ म्हणाली, तोच मागून स्वच्छतागृहाची चौकशी झाली. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर गाईडला झोपेतसुद्धा देता यायला हवं. प्रणिताने तर आधी एकटीने येऊन वाटेवरचं प्रत्येक स्वच्छतागृह आत शिरून तपासलं होतं. त्यातल्या बऱ्यापैकी एकापाशी गाडी थांबवली, तर उतरायला कोणी तयार नाही. गाडी सुटली आणि दोघीतिघींना घाई झाली. गागोदे बुद्रुकला ती विनोबांच्या घरासमोर उभी राहून भूदान सांगत होती आणि मंडळी शेजारच्या अंगणात काकड्या दाबून बघत होती. गाढवापुढे वाचली गीता म्हणावं, तर गाढव निदान उभं तरी राहतं.

त्यात सुशील सर. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ प्रणिताच्या प्रत्येक वाक्याला आपलं एक वाक्य जोडत होता आणि ते हमखास चुकीचं असायचं. पाहुण्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हाही एक नियम. त्यामुळे प्रणिता हसून म्हणायची, “असंही म्हणतात.” असं कोणीही म्हणत नव्हतं.

पेणमध्ये पोह्याच्या पापडांच्या दुकानात मंडळी शिरली आणि बाहेर येईचना, तेव्हा तिने गाडीच्या दारात कपाळाला हात लावला. ड्रायव्हर इकबाल रोह्याचा, तिच्या वरसे गावापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. मस्कतला बरीच वर्षं गाडी चालवून आलेला माणूस. त्याने चहाचा कप पुढे केला.

“प्रणिताबाय, कशाला जीव जाळतेस? मस्कतला गोरे यायचे, ते पण असेच. वाळू बघायला आणलेले, नि दुकानातनं भायेर पडत नव्हते.”

“त्यांचं जाऊ दे इकबालभाई. कारखान्यात यांनी तोंड उघडलं तर माझं काम संपलं.”

हे ती उगीच म्हणत नव्हती. ही फेरी चाचणीची होती. गणपतीचे कारखाने सगळेच दाखवतात. साचे बघायचे, फोटो काढायचे, निघायचं. प्रणिताला पाहुण्यांना आखणी दाखवायची होती, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात ते. ते काम चालू असताना पेणमध्ये बाहेरच्याला सहसा कोणी आत घेत नाही. कारखानदार हरेशच्या मागे ती दोन वर्षं लागली होती. शेवटी त्याने एका अटीवर होकार दिला: हात डोळ्यावर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आजचा दिवस नीट गेला तर पुण्याच्या सहल कंपनीतली किमया मॅडम ही सहल कायमची लावणार होती, गाईड म्हणून प्रणितालाच ठेवून. बिघडला तर प्रणिता परत कोलाडला, नदीकाठी, राफ्टिंगला येणाऱ्या लोकांच्या लाईफ जॅकेटचे पट्टे आवळायला. तिथे बोलायचं काम नव्हतं, आणि प्रणिताला बोलायला आवडायचं. त्यासाठीच तर तिने हा धंदा धरला होता.

कारखान्याच्या गल्लीत वळण्याआधी तिने माईकवर सूचना दिली. मग परत दिली. मग गाडीतून उतरल्यावर एकेकाला गाठून दिली.

“अहो, कळलं,” एक बाई म्हणाल्या. “आम्ही काय बालवाडीतले आहोत का?”

प्रणिता पुढच्याला गाठायला वळली.

आत पत्र्याखाली ओळीने गणपती बसले होते. सोवळं, शेला, दागिने, सगळं रंगून झालेलं, फक्त डोळ्यांच्या जागी पांढरं. हरेशची काकू जनी खाली गोणपाटावर बसली होती. एक गुडघा वर, त्यावर कोपर, हातात बारीक ब्रश. तिने वर बघितलंसुद्धा नाही. हरेशने पंखा बंद केला. जनीने श्वास घेतला, धरला आणि ब्रश टेकवला.

आणि मंडळी गप्प झाली. प्रणिताला आधी ते खरंच वाटेना. सकाळपासून ज्यांच्या तोंडाला कुलूप म्हणून लागलं नव्हतं, ते सगळे माना पुढे काढून उभे होते. पापडांच्या पिशव्यासुद्धा वाजत नव्हत्या.

पण गाईडला शांतता सहन होत नाही, कारण तिच्या अनुभवात शांततेनंतर कोणीतरी काहीतरी करून ठेवतं. ती एकेकाचं तोंड न्याहाळत राहिली. कोणाचा फोन वर येतोय का, कोण खाकरतंय का. सुशील सरांवर तर तिने नजर रोखूनच ठेवली होती. दुसऱ्या डोळ्याला जनीचा ब्रश लागला आणि नेमकं तेव्हाच सुशील सरांचे ओठ हलले. तोंड उघडायला लागलं. आता हा माणूस ‘ही पद्धत मूळची काशीची’ असं काहीतरी फेकणार, हे प्रणिताला स्पष्ट दिसलं.

“सर, बोलू नका!”

आवाज पत्र्याला लागून परत आला. जनीचा हात हलला. काळी रेघ डोळ्यातून निघून गालावर गेली.

सुशील सर जांभई देत होते. पेणचं जेवण अंगावर आलं होतं बिचाऱ्यांच्या. अर्धवट जांभई तोंडात घेऊन ते तसेच उभे राहिले.

प्रणिताचे कान तापले. सकाळपासून ज्याची धास्ती घेतली, ते तिनेच करून ठेवलं होतं. जनीने ब्रश पाण्यात ठेवला, फडका ओला केला आणि गालावरची रेघ हलक्या हाताने टिपून घेतली. मग पहिल्यांदा मान वर केली.

“हरेश, हिला भायेर ने.”

“काकू, माफ करा, मी फक्त—”

“परत बोलते बघ. पावणे ऱ्हाऊ दे. ते गपगुमान हायेत. हिलाच ने.”

हरेश ओशाळला, पण त्याने दाराकडे हात केला. प्रणिता आपल्याच पाहुण्यांच्या मधून, आपल्याच ओळखपत्राची दोरी मुठीत धरून बाहेर आली.

बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती. ती वळचणीला उभी राहिली. इकबालने गाडीतून तिला बघितलं, काय झालं असेल ते ओळखलं आणि शहाण्यासारखा आरसा पुसत बसला. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. कोणीतरी काहीतरी विचारेल, मग आपल्याला बोलावतील, म्हणून तिने कान लावून पाहिलं. कोणी विचारलं नाही. आखणीची अख्खी माहिती तिच्याकडे पाठ होती, आणि तिची कोणाला गरज पडली नाही. तिला राग आला. आधी जनीकाकूचा, मग त्या जांभईचा, आणि शेवटी स्वतःचा, तो सगळ्यात जास्त वेळ टिकला.

बऱ्याच वेळाने मंडळी बाहेर आली. कोणी फोटो दाखवत नव्हतं. मघाच्या बालवाडीवाल्या बाई तिच्याजवळ थांबल्या.

“बाप्पाने माझ्याकडे बघितलं हो,” त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून गाडीत चढल्या.

सुशील सर सगळ्यांच्या शेवटी आले. त्यांनी कशालाही काहीही जोडलं नाही.

मग हरेश आला. प्रणिताने नकार ऐकायची तयारी केली.

“काकू बोलली, आणा पावण्यांना. यंदाही आणा, पुढल्या वर्षालाही आणा.” तो पायाने चिखल सारत राहिला. “फकस्त तुमी गाडीत बसा म्हणते. राग मानू नका.”

“नाही,” प्रणिता म्हणाली, आणि तिला राग आला होता.

गाडी नागोठण्याच्या वाटेला लागली तेव्हा किमयाचा फोन आला.

“कशी झाली आखणी?”

“छान झाली. हरेशने कायमची परवानगी दिली.”

“वा! आणि तुझी माहिती आवडली लोकांना?”

खोटं बोलता आलं असतं. पण पुढच्या फेरीत कोणीतरी सांगणारच होतं. “मी आत नव्हते मॅडम. आखणीच्या वेळी गाईडने बाहेर थांबायचं, अशी त्यांची नवी अट आहे.”

किमयाने क्षणभर हिशोब केला असावा. “मग प्रणिता, पुढच्या वेळी गाईड पाठवायचाच कशाला? ड्रायव्हर सोडेल ना कारखान्यावर.”

इकबालने समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही, पण गाडी हळू केली. प्रणिताने मागे वळून बघितलं. माणसं पापडांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना स्वच्छतागृहं दाखवून, काकड्यांपासून सोडवून, पापडांच्या दुकानातून ओढून, चुकीचं बोलू देऊन आणि ते गिळून तिने त्या दारात उभं केलं होतं. दाराच्या आत तीही चुकली होती. पण दारापर्यंत त्यांना आणलं होतं कोणी?

“मॅडम,” ती म्हणाली, आणि आवाज चढला तर चढू दिला, “आत त्यांना कोणाचीच गरज नाही. माझीही नाही. पण त्या दारापर्यंत ही माणसं आपापली पोचतील असं वाटत असेल, तर पुढच्या फेरीला तुम्ही स्वतः या. पेणच्या पापडांच्या दुकानापर्यंत जरी सगळी आणलीत तरी मी कोलाडला जाते.”

पलीकडे किमया गप्प झाली. प्रणिताच्या बोलण्याने त्या दिवशी गप्प झालेलं ते पहिलंच माणूस.