कोकराचं अंगडं

त्या कुरणाला कुदळ लावायची नाही, कुंपणाचा खांबसुद्धा परवानगीवाचून रोवायचा नाही, अशी सरकारी ताकीद होती. गवताखाली रोमन काळातली हवेली गाडलेली होती. म्हणून विल्फ तिथे नुसती मेंढरं चारायचा. गेल्या उन्हाळ्यात मात्र रीतसर परवानगी काढून संशोधक आले, आणि हवेलीच्या स्वयंपाकघराच्या फरशीखालची तान्ह्या बाळाची हाडं संग्रहालयात घेऊन गेले. विल्फची बायको टॅम्सिन तेव्हा पोटुशी होती. तिला ते बघवलं नव्हतं.

आता तिची ब्रायोनी मान धरायला लागली होती.

दुपारी धुकं उतरलं. ब्रायोनी भुकेने रडत होती. तिची बाबागाडी कुरणाच्या फाटकाशी ठेवून टॅम्सिन मेंढवाड्यात डोकावली, घरात जाते म्हणून सांगायला. विल्फ मेलेल्या कोकराचं कातडं एका जित्या कोकराच्या अंगात चढवत होता. तिळ्यांतलं एक, आईला न झेपणारं. पिल्लू गेलेली मेंढी समोरच उभी होती. मेंढी इतकी कशी फसते, टॅम्सिनने विचारलं.

"वासाला फसते. एकदा हिचं दूध त्याच्या पोटातून फिरलं की त्याला हिचाच वास येतो. मग कातडं काढलं तरी चालतं."

"आणि त्याची खरी आई आली तर?"

"ती हुंगेल आणि ढुशी मारून हाकलेल. घे, आता कोकरांचीही काळजी घे डोक्यात."

ती हसली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, रडणं थांबलंय.

फाटकाला कडी तशीच होती. पलीकडे सगळी मेंढरं एकाच जागेकडे, संशोधकांनी खणलं होतं तिकडे, तोंड करून उभी. गाडीत ब्रायोनीचं पांघरूण घडी करून पायाशी ठेवलेलं, आणि तिच्या अंगाभोवती ओलं, जाडंभरडं फडकं गुंडाळलेलं. विणीत माती. टॅम्सिनने ते ओढलं, तर कुजक्या पानासारखं हातात विरलं.

तिने लेकीला उचलून छातीशी लावलं. ब्रायोनीने तोंड फिरवलं. तिच्या ओठांच्या कडेला दूध होतं, अजून कोमट.

टॅम्सिनने तिची टाळू हुंगली. माती, कुठल्याशा चुलीचा धूर, परक्या बाईचं दूध. लेकीचा जो वास शंभरात ओळखू आला असता, तो कुठेच नव्हता.

"अगं, नीट धर तिला," मागून विल्फ म्हणाला. "पडेल ती."

ती हात आवळायला गेली. हात ऐकेनात.