झाकणाचा अर्धा फेरा

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. दोनशे लिटरचा, प्लॅस्टिकचा, तोंडाला रबरी कडं आणि वर पेचाचं झाकण. दिसण्यात माझ्या काही विशेष नाही. आमच्या मेंदोसा प्रांतात माझ्यासारखे ड्रम घरटी दोन तरी निघतील. कारखान्यात एकाच तासात आम्ही चाळीस भाऊ जन्मलो आणि कुणीही पेढे वाटले नाहीत.

माझी पहिली नोकरी ऑलिव्हची. मालक डॉन सिल्वेरिओ. डॉन म्हणजे आमच्याकडचं 'राव', मानानं लावायचं. नऊ ओळी द्राक्षवेली, चार ऑलिव्हची झाडं, सोळा कोंबड्या आणि प्रत्येक विषयावर मत, एवढी त्यांची इस्टेट. दर वर्षी ते माझ्यात मिठाच्या पाण्यात ऑलिव्ह मुरत घालायचे. झाकण लावायचे, मग थांबून एक श्वास घ्यायचे आणि झाकणाला अर्धा फेरा जास्त द्यायचे. तो अर्धा फेरा मला दर वेळी दुखायचा. आपल्यावर यांचा विश्वास नाही, असं मला वाटायचं. तरुणपणी असं वाटतंच.

मग घरात जावई आला. त्याचं नाव एवारिस्तो. फ्रिज दुरुस्त करायचा, मनानं चांगला, पण त्याला बिअर करायचा नाद होता. मित्रांनो, बिअर हा मोठ्यांचा विषय आहे, तुम्ही फक्त धान्याकडे लक्ष द्या. बिअरला जव लागतो. मोड आणून वाळवलेला, ज्याला मॉल्ट म्हणतात. आमच्याकडे आजचा भाव उद्या राहत नाही, म्हणून शहाणी माणसं पैसे साठवत नाहीत, वस्तू साठवतात. कुणी विटा साठवतो, कुणी टायर. एवारिस्तोनं मॉल्टची पोती आणली आणि सासऱ्यांकडे ड्रम मागितला.

"द्राक्षांच्या गावात जव उकळणार?" डॉन सिल्वेरिओ म्हणाले. "जावईबापू, हा कोंबड्यांचा खुराक आहे. आमच्या घराण्यात माणसं वाइन पितात."

"बाबा, ड्रम देताय की नाही?"

"घे. रिकामाच पडलाय. पण कुणी विचारलं तर ऑलिव्ह आहेत म्हणून सांग."

एवारिस्तोनं मला सोड्यानं धुतलं, पंधरा दिवस उन्हात ठेवलं. तरी पहिल्या बिअरला ऑलिव्हचा वास आलाच. डॉन सिल्वेरिओंनी एक घोट घेतला आणि मुलीला हाक मारली, "ग्लाडिस, चीज आण गं. सॅलडला तेवढंच कमी आहे." मी लाजेनं आणखी निळा झालो.

पण वास हळूहळू गेला आणि माझे चांगले दिवस आले. कोंबड्यांच्या मक्याच्या पोत्याशेजारी, अंगणातल्या शेडमध्ये मला कायमची जागा मिळाली. दर रविवारी एवारिस्तो यायचा, चार दाणे तोंडात टाकायचा आणि कान देऊन चावायचा. दाणा कडकड वाजला की मॉल्ट कोरडा. गपगार दबला की ओल लागली, संपलं. त्या कडकडीवर तो आठवडाभर खूश असायचा. झाकण मात्र बोलता बोलता, फोन खांद्यात धरून, कसंतरी टेकवायचा. मला ते आवडायचं. विश्वास म्हणतात तो हाच, असं मी समजत होतो.

यंदा त्याच्या मुलीचं, लुदमिलाचं लग्न ठरलं. तिनं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "नोनो, जेवणाला तुमची वाइन. पण नाचताना सगळ्यांच्या हातात पप्पांची बिअर."

नोनो म्हणजे आजोबा. डॉन सिल्वेरिओ त्यानंतर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी कुत्र्याला सांगायचे.

एवारिस्तोनं साठ किलो मॉल्ट माझ्यात भरला. त्याचं भांडं लहान, त्यामुळे दर शनिवारी थोडी थोडी बिअर करायची, वर ती मुरायला वेळ द्यायचा. लग्नाला सात आठवडे उरले होते आणि सातही लागणार होते. नवा मॉल्ट राजधानीकडून यायला तीन आठवडे जातात. म्हणजे मित्रांनो, जे होतं ते माझ्या पोटात होतं. ते गेलं असतं तर लुदमिलाच्या लग्नात बापाची बिअर नसती आणि बापाला तोंड दाखवायला जागा नसती.

पहिल्या शनिवारच्या तीन दिवस आधी, सकाळी, एवारिस्तो कामावर गेल्यावर डॉन सिल्वेरिओ शेडमध्ये आले. कोंबड्यांच्या मक्यात त्यांना किडे दिसले होते. ते मक्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग दाराकडे, कुणी बघतंय का ते. बाहेर जाऊन झाडावरून मूठभर तमालपत्रं, ज्यांच्या वासानं किडे पळतात, तोडून आणली, माझं झाकण उघडलं, मॉल्टवर पसरली. "कोंबड्यांचा खुराक," असं पुटपुटत झाकण लावलं. एक श्वास घेतला. अर्धा फेरा जास्त.

मला दुखलं. मनात म्हटलं, म्हातारा काही सुधारत नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दोनला त्यांची पाण्याची पाळी होती. आमच्याकडे डोंगरावरच्या बर्फाचं पाणी पाटानं येतं आणि ज्याची पाळी त्यानं दारं धरायची. घटका चुकली तर पाणी शेजाऱ्याचं. बंद करायला विसरलात तर तुमचंच, नको तितकं. डॉन सिल्वेरिओंनी पाटाची फळी वर ओढली, वेलींत पाणी सोडलं आणि "पाचच मिनिटं" म्हणून खुर्चीत टेकले. दुपारच्या दोनला मेंदोसात पाच मिनिटं टेकलेला माणूस पाचच्या आत उठल्याचं मी ऐकलेलं नाही. ग्लाडिस झोपली होती. कुत्रा झोपला होता. जागं होतं फक्त पाणी.

आमची शेड अंगणाच्या दोन पायऱ्या खाली आहे. पाणी पायऱ्या उतरून आलं, पाहुण्यासारखं, आधी संकोचत, मग घर आपलंच असल्यासारखं. मक्याचं पोतं भिजून फुगलं. माझ्या बुडाशी गार लागलं. गुडघाभर झालं तेव्हा माझे पाय सुटले आणि मी साठ किलो घेऊन तरंगायला लागलो! दाराच्या चौकटीला आपटलो, आडवा झालो. झाकण अर्धं पाण्यात. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रार्थना केली, तीही एका रबरी कड्याला.

लुदमिला कामावरून आली आणि किंचाळली, "नोनो! शेडमध्ये पाणी!"

डॉन सिल्वेरिओ अनवाणी धावले. आधी फळी पाडली, मग विजारीसकट पाण्यात उतरले आणि मला मिठी मारून उभं धरलं. ऐंशीचे आहेत ते. एवारिस्तो येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

एवारिस्तोनं सगळं बघितलं. पाट, वेली, सासऱ्यांची विजार.

"मी झोपलो," डॉन सिल्वेरिओ म्हणाले. "बोल काय बोलायचं ते."

"झाकण मी नीट लावलेलं नसतं, बाबा. मला माहीत आहे ना मी कसा आहे." त्यानं झाकणाला हात घातला. फिरेना. पुन्हा जोर लावला. "एवढं घट्ट मी लावलं?"

"पप्पा, तुम्ही टूथपेस्टचंही लावत नाही," लुदमिला म्हणाली.

दोघांनी मिळून पिळलं तेव्हा झाकण निघालं. आतल्या बाजूला एक तमालपत्र चिकटलं होतं. कोरडं.

"हे कुणी टाकलं?"

डॉन सिल्वेरिओ छताकडे बघू लागले. "मक्यात किडे झाले होते. म्हटलं, लग्नात तुझ्या बिअरमध्ये पोहताना दिसले तर नाव आमचं जाईल."

एवारिस्तोनं हात खोल घालून चार दाणे काढले. तोंडात टाकले. शेडमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. मी तर नाहीच.

कडकड.

"आवाज आला!" लुदमिला ओरडली. ग्लाडिसनं "हुश्श!" करून पायरीवर बसकण मारली, ती थेट चिखलात. एवारिस्तोनं ओल्या सासऱ्यांना मिठी मारली. "सोड, सोड," ते म्हणाले, "कोंबड्यांचं बघ आधी, त्यांचं जेवण बुडालंय." पण सोडवून घ्यायची त्यांना काही घाई दिसली नाही.

लग्न झालं. लोक नाचले, बिअर संपली. डॉन सिल्वेरिओंनी एक पेला घेतला आणि म्हणाले, "वाइन नव्हे." मग दुसरा घेतला, खात्री करायला.

मित्रांनो, धान्य साठवणं म्हणजे पुढच्या आनंदाची आत्ताच सोय करणं. ते कोरडं ठेवा, त्याच्यात पाला घाला आणि झाकण लावल्यावर एक श्वास घेऊन पुन्हा हात लावा. मला जो अविश्वास वाटायचा ती काळजी होती, हे कळायला मला पाण्यात पडावं लागलं. तुम्ही पडू नका.

आता दर रविवारी एवारिस्तो फोन खिशात ठेवून, दोन्ही हातांनी झाकण लावतो. तो गेला की डॉन सिल्वेरिओ हळूच येतात, दाराकडे बघतात, झाकण धरून अर्धा फेरा द्यायला जातात.

ते फिरत नाही. मग ते मला दोन थापा मारतात आणि झोपायला जातात.