सांगाओच्या वाटेवरचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे, पत्र्याचा. कडा गंजल्या आहेत, पण अजून ताठ उभा आहे. आज लोक माझी पाठ वाचतात, तोंड कुणी पाहत नाही. ते कसं झालं हे सांगताना मला अजूनही आनंदाने भरून येतं.

आमच्या बेटावरच्या पोर्ट व्हिला शहरातल्या एका रंगाऱ्याने मला कापलं, घासलं, पांढरा रंग दिला आणि वर लाल अक्षरं काढली : 'खाजगी जागा. आत येऊ नये.' आपला जन्म हुकूम सोडण्यासाठीच झाला, असं मला त्याच दिवशी वाटू लागलं.

मला डॉईलसाहेबाने नेलं. हॉटेल बांधायला त्याने किनाऱ्याजवळची टेकडी भाडेपट्ट्याने घेतली होती. फक्त टेकडी! पायथ्याची वाट आणि पलीकडची सांगाओ नावाची वाळू गावाचीच होती. त्या वाटेने बायका ओहोटीला शिंपले वेचायला जात. साहेबाने मला नेमकं त्या वाटेच्या तोंडाशी ठोकलं.

आणि काय सांगू! मोजणी नाही, कोर्ट नाही, मी नुसता उभा राहिलो आणि वाट साहेबाची झाली. बायका मला पाहून थबकायच्या आणि टेकडीला लांबचा वळसा घालायच्या. माझी मिजास तर विचारूच नका.

एके दिवशी लेइपाकोआ आजी नातीला घेऊन आली. नात लेइसावी नुकतीच वाचायला शिकली होती.

"आजी, इकडून नको. ही डॉईलची वाळू आहे."

"कुणाची?"

"डॉईलची. शाळेत सगळे तसंच म्हणतात."

आजीने टोपली खाली टाकली. "अगं, ह्या वाळूत तुझी आई चालायला शिकली! सांगाओ म्हण, सांगाओ!"

आजी तडक गावप्रमुख कालोरिपकडे गेली. तो तिचा भाचा. त्याला हाताला धरून तिने माझ्यापुढे आणून उभं केलं. साहेबाचं यंत्र दुसऱ्या दिवशी येऊन वाटेवर दगडी भिंत घालणार होतं.

"बांध नामेलेचं पान," आजी म्हणाली. नामेले हे आमच्याकडचं ताडासारखं झाड; प्रमुखाने त्याचं पान जिथे बांधलं, तिथे तो सोडेपर्यंत कुणी हात लावत नाही. मोडलं तर दंड म्हणून डुक्कर द्यावं लागतं.

"मावशी, आता पानाला कोण विचारतो? पोरं शिकली."

"बरं, नको बांधूस. उद्या भिंत उठेल. मग नातवंडं विचारतील, सांगाओ म्हणजे काय? तेव्हा दे उत्तर."

कालोरिप रानात गेला. मग तो दोन पानं घेऊन आला आणि त्याने ती आडवी-उभी करून माझ्याच गळ्यात बांधली. मी मनात हसलो. पाला तो, दोन दिवसांत वाळेल!

सकाळी यंत्र आलं. चालवणारा बुले दूरच्या पेंटेकॉस्ट बेटाचा. पान दिसताच त्याने यंत्र बंद केलं.

"काय झालं?" साहेब ओरडला.

"पान आहे, साहेब."

"मग उपटून फेक!"

"तुम्ही उपटा. आणि मग यंत्रही तुम्हीच चालवा."

"अरे, हे तुझं गावसुद्धा नाही!"

"पान माझंच आहे की. आमच्या बेटावरही ते मानतात."

"एवढे धट्टेकट्टे गडी आणि एका पाल्याला भिता?"

बुलेने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या पत्र्याने अख्खं गाव अडवलंच ना? तो तरी कुठे दरवाजा आहे?"

मित्रांनो, ते मला फार लागलं, कारण ते खरं होतं.

साहेबाने रागाने पानं ओरबाडून समुद्रात फेकली. मजुरांनी फावडी खाली ठेवली आणि ते चालू लागले. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकी गेला, राखणदार गेला. साहेबाने स्वतः भात शिजवला, तो करपला, आणि त्याचा वास गावभर पसरला.

"टेकडीवर आज मेजवानी दिसते!" बायका म्हणाल्या.

शेवटी साहेब खाली उतरला. "किती मोठं डुक्कर लागेल?"

"सुळे वळलेलं," कालोरिप म्हणाला. त्याहून मोलाचं डुक्कर आमच्याकडे नसतं.

साहेबाने ते आपल्याच गाडीतून आणलं. डुक्कर किंचाळत होतं, सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं.

"साहेब, तुमच्यापेक्षा ते शहाणं," आजी म्हणाली. "आपण कुठे चाललोय ते त्याला कळलंय."

साहेबालाही हसू आलं. वाट माझी नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं आणि मला स्वतःच्या हाताने उपटलं.

आता भंगारात जाणार म्हणून मी घाबरलो. पण आजीने मला उलटं करून त्याच जागी रोवलं. माझ्या कोऱ्या पाठीवर लेइसावीने दोन हिरवी पानं रंगवली आणि खाली नाव लिहिलं : सांगाओ. त्या दिवशी बायका गात माझ्या शेजारून वाळूकडे गेल्या. काय तो थाट!

मित्रांनो, आम्हा खुणांच्या अंगात स्वतःचं बळ काडीचंही नसतं. तुम्ही थांबता म्हणून आम्ही मोठे. म्हणून फलक दिसला की आधी विचारा, बाबा रे, तुला इथे कुणी ठोकलं आणि कुणासाठी? आणि जी खूण तुमची स्वतःची असेल, तिचा रंग उडू देऊ नका.

लेइसावी आता मोठी झाली आहे. माझी पानं तीच पुन्हा रंगवते. काल तिची धाकटी पोर माझ्यापाशी आली, बोट ठेवून नाव वाचत "सांगाओ!" म्हणून ओरडली आणि न थांबता वाळूकडे पळत सुटली. मी अडवण्यासाठी जन्मलो होतो, पण तिला पळताना पाहून मला जितका आनंद झाला, तितका कुणाला अडवताना कधीच झाला नव्हता.