साडेचार बोटांची खूण

ओमानातल्या रुस्ताकच्या मागच्या डोंगरावर सरकारी कचेरीनं अमेरिकेहून आणून सोडलेले मोठ्या शिंगांचे रानमेंढे आता चाळीस झाले, आणि त्यातला चाळिसावा आपला आहे, हे कुलसुमबीला वर्तमानपत्रातून कळलं. वर्तमानपत्र तरी कसलं, यासिरनं बांगडे गुंडाळून आणलेलं. तिला अरबी वाचता येत नव्हतं, इंग्रजीशी तिचं भांडण होतं आणि मराठी चौथीपर्यंतची. पण फोटो होता. उंच सुळक्यावर चार पाय जुळवून एक मेंढा उभा, शिंगं दोन्हीकडून गरगरीत वळलेली, तोंडावर भाव असा की हा डोंगर आपल्या आजोबांनी बांधला. आणि कपाळावर लाल पंजा. पाच बोटांचा नाही, साडेचार बोटांचा.

"या अल्ला, हा तर माझा नवाब!" ती ओरडली आणि हातातला बांगडा परत टोपात पडला.

साडेचार बोटांचा पंजा अख्ख्या ओमानात एकच होता. अकरा वर्षांची असताना गावी साखरतरला विळीवर सुरमई चिरताना अर्धं बोट गेलं होतं, ते तिथंच राहिलं. रमजान ईदच्या चाँदरातीला तिनं स्वतःच्या हातावर मेंदी थापली, उरली ती नवाबच्या कपाळावर पंजा दाबून उतरवली. तिसऱ्या दिवशी नवाबनं दोरी खाल्ली आणि डोंगरात गेला. दोन महिने कुलसुमबी वाडीवाडीतून हाका मारत हिंडली. लोक म्हणाले, म्हातारी गेली कामातून. यासिरसुद्धा म्हणाला, आणि यासिर तिच्या पोटचा.

नवाब साधा मेंढा नव्हता. तिच्या नवऱ्यानं, अलीमियाँनं, तीन वर्षांपूर्वी बाजारातून कोकरू आणलं होतं. तीस वर्षं अलीमियाँ ओमानात राबला, दर बकरी ईदला कुर्बानीचे पैसे गावी पाठवले, पण स्वतः वाढवलेलं जनावर त्यानं एकदाही दिलं नाही. "हा मी माझ्या हातानं वाढवणार, कुलसुम, आणि हाच देणार," म्हणाला, आणि ईदच्या वीस दिवस आधी छातीत कळ येऊन गेला. मग ते तिच्यावर आलं. पहिल्या ईदला ती इद्दतीत, विधवेच्या सुतकात होती, म्हणाली, माझ्यानं नाही बघवणार. दुसऱ्या ईदला नवाब लंगडत होता, आणि लंगडं जनावर कुर्बानीला चालत नाही. तो ईदच्या आठवड्यातच लंगडला आणि ईद संपल्यावर बरा झाला, हे सुनेनं एकदा बोलून दाखवलं. त्यानंतर सून महिनाभर काही बोलली नाही, कारण बोलायची जागाच कुलसुमबीनं ठेवली नाही.

यंदा मात्र निमित्त नव्हतं. ईद नऊ दिवसांवर होती.

यासिरचं सूकात, म्हणजे बाजारात, पडद्यांचं दुकान. भर गिऱ्हाइकाच्या वेळेला त्याला शटर ओढायला लावून ती रानमेंढ्यांच्या कचेरीत गेली. कचेरीत गारवा असा की बोललेलं हवेत थिजून राहावं. मेंढे मोजायच्या टेबलावर देवेश बसला होता. लांज्याचा पोरगा, चार वर्षं हेच काम. मराठी ऐकून त्याचा चेहरा आधी खुलला, मग काम ऐकून मिटला.

"चाची, बसा ना. चहा सांगू?"

"बसायला नाही आले. मेंढा न्यायला आले. हा." तिनं माशाच्या वासाचा कागद टेबलावर आपटला.

"चाची, हा रानटी आहे."

"रानटी असशील तू! अरे, चहात बिस्कीट बुडवून खातो तो. साखर कमी पडली तर कप लाथाडतो. माझ्या सुनेला जमत नाही एवढी पारख आहे त्याला."

"आमच्या नोंदीत तो लालकपाळी जातीचा आहे. जगात एकच. कपाळावर साडेचार फाट्यांची नैसर्गिक खूण. परदेशातून दोन विद्वान येऊन बघून गेले."

कुलसुमबीनं उजवा तळवा फोटोच्या बाजूला ठेवला. चाँदरातीची मेंदी कधीच उतरली होती, बोट होतं तेवढंच होतं. देवेशनं फोटो बघितला, हात बघितला, पुन्हा फोटो बघितला.

"योगायोग," तो म्हणाला. पण घाबरत.

"बरं, योगायोग. त्या योगायोगाला दोरी लाव आणि दे मला. ईदला माझ्या धन्याच्या नावानं द्यायचाय."

तेव्हा देवेशनं नियम सांगितला. कळप चाळीसचा झाला की वर्षाला एक मोठ्या शिंगांचा नर मारायचा परवाना निघतो. एकोणचाळीसला निघत नाही. आजवर कधी निघाला नव्हता, यंदा पहिल्यांदा निघाला. लांबच्या मुलखातला एक शिकारी पाहुणा ईदच्या तिसऱ्या दिवशी येतोय, आणि परवाना चाळीस नंबरवर आहे.

"म्हणजे माझा नवाब आला म्हणून कळप चाळीसचा झाला."

"हो."

"आणि कळप चाळीसचा झाला म्हणून नवाबलाच गोळी घालायची."

"बरोबर समजलात, चाची. मला समजायला दोन आठवडे लागले होते."

यासिर हळूच म्हणाला, "अम्मी, चल. दुसरा आणू. मी आणतो."

"तुझ्या बापानं वाढवला का दुसरा?"

कुलसुमबीनं पदर सावरला. गोळी लागून मेलेला नवाब अलीमियाँच्या काय कामाचा? आणि कचेरीच्या कागदाप्रमाणे तो रानटी असेल, तर सुरी फिरवूनही उपयोग नाही. रानातल्या जनावराची कुर्बानी होत नाही, हे तिला चौथीच्याही आधीपासून ठाऊक होतं. नवाब मरणार होता. तो आता तिच्या हातात नव्हता. कुणाच्या नावानं मरायचा, एवढंच उरलं होतं. गेली दोन वर्षं ती ज्याला टाळत होती त्याच्यासाठी आता ती कचेरीशी भांडायला बसली, आणि याची तिला अशी चीड आली की ती देवेशवर निघाली.

"आणि फोटोत दिसतोय, कानात बिल्ला मारलायस! किती फाडलास कान? तिसऱ्या हिश्शाहून जास्त फाटला असेल तर जनावर बाद. मग मी तुझा कान मोजीन."

"छोटं भोक आहे, चाची, आईशप्पथ."

"नोंदीतून काढायचा कसा, ते सांग."

देवेशनं जाडजूड पुस्तक उघडलं. मेंढा दोनच वाटांनी नोंदीतून निघतो, म्हणाला. एक, मेला तर. दोन, कलम सतरा. रानमेंढा माणूस दिसताच पळाला पाहिजे. मुदीरसाहेबांसमोर, म्हणजे कचेरीच्या मुख्य साहेबांसमोर, परीक्षा घ्यायची. दोनशे पावलांवर माणूस उभा करायचा. मेंढा पळाला तर रानटी. नाही पळाला तर पाळीव, नाव खलास.

"घे परीक्षा," कुलसुमबी म्हणाली. "उद्या घे."

उद्या नाही, ईदच्या आदल्या दिवशी सकाळी परीक्षा ठरली. मुदीरसाहेब, पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्याला गुंडाळलेला मसर, गळ्यात दुर्बीण, माणूस अतिशय अदबीचा. कुलसुमबीला खाली बघून सलाम केला, खुर्ची मांडायला लावली. कुलसुमबी खुर्चीत बसली नाही. ती उन्हात खडकावरून दोनशे पावलं पुढे चालत गेली. देवेश मागून मोठ्यानं पावलं मोजत होता, आणि एकशे ऐंशीला ती थांबली तर त्यानं आणखी वीस चालायला लावली.

वर सुळक्यांवर काहीच हलत नव्हतं. मग तिनं पिशवीतून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला आणि कागद चुरचुरवला.

"नवाऽऽब! ये रे माझ्या लेकरा, चहा गार होतोय!"

सुळक्यावर एक डोकं वर आलं, लाल पंजासकट. आणि नवाब निघाला. उड्या मारत, धोंडे उडवत, दोन महिन्यांचा राग विसरून. कुलसुमबीनं दोन्ही हात पसरले, पण त्याला कवटाळायला वेळ मिळाला नाही, कारण नवाबच्या मागून दुसरा आला. त्याच्या मागून चौथा, अकरावा, माद्या, कोकरं. सगळा डोंगरच खाली यायला लागला. बघता बघता चाळीस रानमेंढे तिच्याभोवती शिस्तीत अर्धगोल करून उभे राहिले, नजर पुड्यावर.

"सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस," देवेश मागून सवयीनं म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं काय झालं ते.

कुलसुमबीनं वळून त्याच्याकडे बघितलं. डोंगरावरचे चाळीस मेंढे एकटा माणूस मोजतो कसा, हे तिला त्या एका क्षणात उमगलं. मेल्यानं चार वर्षं बिस्किटं घालून मोजले होते! तिनं तोंड उघडलं. देवेशनं हात जोडले नाहीत, जोडता येत नव्हते, मुदीर बघत होते. पण डोळ्यांनी असा काही पाया पडला की तिनं तोंड मिटलं. आयुष्यात तोंडाशी आलेलं तिनं परत गिळलं, असं फार वेळा झालं नव्हतं. ते बिस्किटाहून कोरडं लागलं.

मुदीरसाहेब दुर्बीण उतरवून जवळ आले. एक नव्हे, चाळीसच्या चाळीस नापास. सगळे पाळीव असतील तर रानमेंढा एकही नाही, रानमेंढा नाही तर कचेरी कशाला, आणि तीन दिवसांनी विमानानं येणाऱ्या पाहुण्याला काय सांगायचं? ते बराच वेळ पुस्तक चाळत राहिले. देवेश त्यांच्या कानाशी लागून अरबीत काही म्हणाला. साहेबांनी मान हलवली, पुन्हा वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

देवेश घसा साफ करत पुढे आला. "चाची, साहेब म्हणतात, मेंढे पास आहेत."

"पास? हा माझा पदर खातोय, आणि पास?"

"कलम सतरात माणूस म्हणजे शिकारीच्या इराद्यानं डोंगरात शिरलेला, असं लिहिलंय. तुम्ही तशा आला नाहीत. तेव्हा माणूस बघून मेंढे पळाले नाहीत असं म्हणता येत नाही, कारण इथं माणूस नव्हता."

"मी कोण मग?"

देवेशनं पुन्हा विचारून घेतलं. "या डोंगरात शिकारी नसेल तो कर्मचारी. तुम्ही कर्मचारी नाही. तो नसेल तर..." तो अडखळला. "तर कळपातला."

यासिर पुढे धावला. "माझ्या अम्मीला मेंढी म्हणतोस?"

"थांब रे," कुलसुमबी म्हणाली. डोकं तिचं कुणापेक्षा कमी नव्हतं, नुसतं चौथीपुढे नेलं नव्हतं. "देवेश, विचार साहेबांना. तुमचा चाळीस नंबर कशावरून ओळखता?"

"कपाळावरच्या खुणेवरून."

तिनं पुढे होऊन मुदीरसाहेबांसमोर हात उघडला. कालच नवी मेंदी लावली होती, लालभडक. साडेचार बोटं. "ही बघा खूण. चाळीस नंबर मी. घाला नोंद. कळप चाळीसचाच राहील. आणि हा," तिनं नवाबच्या शिंगाला दोरी अडकवली, "हा जास्तीचा आहे. कळपातल्या म्हातारीनं कळपातलं एक पोर घरी नेलं तर त्याला कुठल्या कलमात अडवता, ते दाखवा."

साहेबांनी इमानदारीनं शोधलं. असं कलम नव्हतं. त्यांनी स्वतः बिल्ला काढला, कानाचं भोक तपासू दिलं (मुगाच्या दाण्याएवढं), आणि बिल्ला अदबीनं तिच्या हातावर ठेवला.

नवाबला गाडीत मागच्या सीटवर घातलं. वाटेत टपरीवर थांबून यासिरनं चहा घेतला, दोन कागदी कप, एकात साखर जास्त. कुलसुमबीनं बिस्कीट बुडवून बुडवून त्याला चारलं, पुडा संपेपर्यंत. यासिर आरशातून बघत म्हणाला, "अम्मी, अजून वेळ आहे. लंगडतोय म्हण, मी काही बोलणार नाही."

"गाडी चालव," ती म्हणाली.

ईदच्या नमाजानंतर अलीमियाँच्या नावानं कुर्बानी झाली. दरवर्षी शेजाऱ्यांच्या कुर्बानीच्या वेळी ती घरात जाऊन कढईशी खुडबुड करायची. यंदा ती तिथंच उभी राहिली, तळवा नवाबच्या कपाळावर, पंजावर पंजा. नीयत, म्हणजे कुणाच्या नावानं देतोय ते, तिनं मोठ्यानं म्हटली, अलीमियाँचं नाव घेताना आवाज फुटला, पण नाव पूर्ण घेतलं. मग घरचा, नातेवाइकांचा आणि गरिबांचा असे तीन वाटे केले आणि कुणाच्या वाट्यात हाडं जास्त गेली यावरून सुनेला बोलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना समोरच्या उतारावर काहीतरी चमकलं. खाकी कपड्यांतला एक लालबुंद पाहुणा दुर्बिणीतून तिच्याकडे टक लावून बघत होता. शेजारी देवेश घामाघूम.

"काय रे?" ती वरूनच गरजली. "चाळीस नंबर बघायला आणलास होय?"

"बघावंच लागतं, चाची! नियम आहे!" तो ओरडला. "काळजी करू नका, परवाना रद्द झाला! चाळीस नंबर मादी निघाली, आणि मादीच्या शिकारीला बंदी आहे!"

पाहुण्याचा चेहरा इतका पडला की तिला त्याची कीव आली. विमानानं एवढ्या लांबून आलेला, बंदूक पेटीतून निघालीही नव्हती. "आण त्याला घरी," ती म्हणाली. "भाकऱ्या गरम आहेत."

पाहुणा अंगणात चटईवर बसला आणि तीनदा रस्सा मागून घेतला. जाताना भिंतीशी ठेवलेल्या शिंगांवर त्याची नजर खिळली. किती द्यायचे, असं त्यानं देवेशकडून विचारलं.

"कुर्बानीचं काही विकत नाहीत, सांग त्याला," कुलसुमबी म्हणाली. "घेऊन जा म्हणावं. फक्त याचं नाव नवाब होतं, ते तुझ्या भिंतीवर शिंगांखाली लिही. आणि यानं गोळी खाल्ली असं सांगितलंस कुणाला, तर मी तिथं येईन म्हणावं."

देवेशनं किती भाषांतर केलं कोण जाणे. पाहुण्यानं मात्र छातीवर हात ठेवला.

आता गुरुवारी ऊन उतरलं की कुलसुमबी डोंगराच्या पायथ्याशी जाते. पुडा चुरचुरवते. एकोणचाळीस रानमेंढे खाली येतात आणि अर्धगोल करून उभे राहतात. बिस्किटं वाटता वाटता ती त्यांना शिव्या घालते, कुणी रेटारेटी केली तर शिंग धरून मागे ओढते. वरच्या खडकावर वही घेऊन देवेश बसलेला असतो. त्याला आता बिस्किटं आणावी लागत नाहीत.

"एकोणचाळीस," तो हाक देतो आणि थांबतो.

"आहे रे, मेल्या," कुलसुमबी खालून म्हणते. "लिही."