साडेचार फुटांचा सूर्य

पंजाबरावानं बैलबंडीचं चाक घरातून जाऊ दिलं नसतं. पण एक पाय अधू असलेल्या माणसाला चाक आणि बायको एकाच वेळी अडवता येत नाही.

"कायले नेऊन राह्यली वं ते?"

"सूर्य करायचा हाय त्याचा."

"बाभळीचं चाक हाय, बाप्पा! माह्या बुढ्यानं करून घेतलं होतं."

"मंग सूर्य मजबूत होईन. धरा एका बाजूनं."

विमलताई मुनेश्वर गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. त्या वर्षी मुलांना ग्रहमाला शिकवायची होती. पुस्तकात सगळे ग्रह एकाच पानावर, एसटीच्या बाकावर बसल्यासारखे खेटून बसलेले. विमलताईनं ठरवलं, ग्रह एवढ्या गर्दीत राहत नाहीत हे मुलांना चालून कळलं पाहिजे. शाळेच्या भिंतीवर सूर्य टांगायचा आणि गावातून वावरांकडे जाणाऱ्या पांदणीनं, खऱ्या मापानं, एकेक ग्रह मांडत जायचा.

आता पांदणच का, हे सांगायला दोन वर्षं मागं जावं लागतं.

पांदण म्हणजे सरकारी बैलवाट. नकाशात तेहेतीस फूट रुंद, प्रत्यक्षात लोकांच्या मनाएवढी. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर गावातल्या मातब्बर सदाशिवरावांनी आपल्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागलेला दोनशे मीटरचा तुकडा नांगरला, त्यात कपाशी टोबली आणि दोन्ही तोंडांना बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलं. पलीकडे विमलताईचं चार एकर वावर. त्या साली पंजाबराव कापसाची बंडी नाल्यातून काढायला गेला. बंडी उलटली, एक चाक फुटलं आणि पंजाबरावाचा घोटाही. दुसरं चाक तेवढं शाबूत राहिलं. तेव्हापासून कापूस डोक्यावर यायचा, तोही विमलताईच्या.

ती ग्रामसभेत उभी राहिली होती. "भाऊ, पांदन मोकळी करा. आमी जावं कुठून?"

सदाशिवरावांनी अडकित्ता थांबवला. "आभायातून जाय ना! मास्तरीन हायस. आभायातले रस्ते तुले ठावं आसन."

सभा हसली. विमलताईनं हसणारे मोजले, सत्तेचाळीस भरले. त्यांतल्या एकतीस जणांची पोरं तिनंच शिकवलेली. ती घरी आली आणि शाबूत चाकाचं माप घेतलं, साडेचार फूट.

माप घ्यायचं कारण असं की सारं गणित चाकावर होतं. चार फुटांचा सूर्य घेतला असता तर शनी कुंपणाच्या अलीकडे, उकिरड्याजवळ बसला असता. पाच फुटांचा घेतला तर पार कुंपण ओलांडून धावजीच्या गोठ्यापाशी. साडेचारचा घेतला की चौदाशे मीटर. विमलताई एका रविवारी नाल्यानं वळसा घालून टेप घेऊन फिरली. चौदाशे मीटर सदाशिवरावांच्या नव्या कपाशीच्या मधोमध येत होते. त्या दिवशी तिनं घरी शिरा केला. पंजाबरावानं कारण विचारलं नाही, दोनदा वाढून घेतला.

शाळा समितीचे अध्यक्ष सदाशिवरावच. ती कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर गेली.

"भाऊ, उद्घाटन तुमच्या हातून ठेवलं. फलकावर फोटो तुमचाच."

"माहा? बरं, बरं. काय काय मांडून राह्यली?"

"बुधाचा तुरीचा दाना. शुक्र अन् पृथ्वी, दोन बोरं. मंगळाचा हरबरा. गुरूचा नारळ, तो तुमच्या फाटकासमोर येते."

"गुरू माह्या फाटकासमोर? म्हंजे योगच हाय!" सदाशिवराव सरसावून बसले. "अन् शनी?"

"त्याले लांब ठेवला. गावाच्या भायेर. चौदाशे मीटर."

"हाव, लांबच पायजे. आमची साडेसाती आत्ता कुठं सरली." त्यांनी तपासून सही केली. उभ्या आयुष्यात त्यांनी जमीन एकरात मोजली, बांधावर पावलांनी मोजली, दुसऱ्याची तर नुसत्या नजरेनं मोजली. मीटरनं कापड मोजतात असा त्यांचा समज होता.

"आणखी एक. कोनी मोठा साहेब बोलावता येईन का? तुमच्या शब्दाले मान हाय म्हनून इचारलं."

"नायब तहसीलदार येते. त्यायच्यासाठी वांग्याची भाजी अन् पाणगे सांगतो वच्छलीले." खुशीत येऊन ते म्हणाले, "तलाठ्यालेही आनतो. टेप धरायले."

एवढं पुण्य विमलताईनं मागितलंही नव्हतं.

शनिवारची सकाळची शाळा. आभाळ घासूनपुसून ठेवलेलं, वावरात कापूस फुटलेला, तुरीला पिवळा फुलोरा. भिंतीवर गेरूनं रंगवलेलं चाक. सदाशिवरावांनी त्याला हार घातला आणि सगळी वरात निघाली. पुढे टेप धरलेला तलाठी, मागे एकोणतीस मुलं, त्यांच्या मागे साहेब, मग गाव. चौथीतली समीक्षा, सदाशिवरावांची नात, दोन्ही हातांत शनी सांभाळत होती. पिवळा रंग दिलेला दगड आणि त्याभोवती जुन्या चाळणीच्या कडेचं कडं. कोणता ग्रह कोणी धरायचा ते अर्थात मॅडमनं ठरवलं होतं.

तुरीचा दाणा हातपंपाजवळ बसला. पृथ्वीचं बोर पारापाशी बसल्यावर पहिलीतल्या एकानं ते खाल्लं, म्हणून दुसरं ठेवलं. नारळ सदाशिवरावांच्या फाटकासमोर विराजमान झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी वच्छलाबाई हळदकुंकू घेऊन बाहेर आल्या आणि नातीचं कौतुक बघायला वरातीत सामील झाल्या. तेराशे मीटरवर कुंपण लागलं.

"इथंच थांबा," सदाशिवराव म्हणाले. "पुढं काटे हायत."

"आजून शंभर बाकी हायत आबाजी," समीक्षा म्हणाली. "मॅडमनं फळ्यावर लिवलं होतं."

मजूर शिरायचे तिथं कुंपणाला फट होती. मुलं तिच्यातून सरसर गेली. साहेबही वाकून गेले, पण त्यांची विजार मागं राहिली, म्हणजे वीतभर तुकडा. त्यांनी फाटक्या जागेवर हात ठेवून विचारलं, "हे कुंपण कोणाचं?" सत्तेचाळीसांपैकी जे हजर होते त्यांनी तुरीचा फुलोरा बघितला.

"चौदाशे!" तलाठी ओरडला.

समीक्षानं गुडघाभर कपाशीत दगड ठेवला. "आबाजी! शनी आपल्या वावरात आला!"

वच्छलाबाईंच्या हातातली हळदकुंकवाची कुयरी खाली पडली. "कोन्या वावरात? काय बोलून राह्यली वं ही पोट्टी?"

"आपल्या."

"अवो!" वच्छलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "साडेसात वर्सं तेल वाहून वाहून मी त्याले घरातून काढलं, अन् तुमी त्याले हार-तुरे लावून वावरात आनून बसवला? शनिवारी? सही करून?"

"थांब ना, थांब." सदाशिवरावांचा आवाज खाली आला. "विमलबाई, त्याले थोडासा सरकव. शंभरेक मीटर घे अलीकडं."

"कसा सरकवू भाऊ? तो सरकवला त सूर्य लहान करा लागन. अन् सूर्य म्हंजे माह्या घरचं चाक. एक फुटलं, हे एकच राह्यलं."

साहेब विजार धरून ऐकत होते. पुरुषभर काट्यांपेक्षा ही गोष्ट त्यांना जास्त टोचली असावी.

विमलताईनं पिशवीतून नकाशाची नक्कल काढली. आवाज वर्गात पाढे विचारावा तसा. "एक रस्ता हाय भाऊ. हे वावर तुमचं आसन त शनी तुमच्या वावरात. अन् ही पांदन आसन त तो सरकारी जागेत बसला, तुमचा त्याचा संबंध नाही. तुमीच सांगा. तुमच्या शब्दाले मान हाय."

सदाशिवराव कपाशीकडे बघत राहिले. बोंडं टचटचून फुटली होती. एका बाजूला दोनशे मीटर कापूस, दुसऱ्या बाजूला शनी, आणि मधे वच्छलाबाई.

"सांगा ना आता!" वच्छलाबाई कडाडल्या. "का मी माहेरी जाऊ पुसदले?"

"पांदन हाय," सदाशिवराव म्हणाले.

"मोठ्यानं बोला भाऊ, मागच्या पोरायले आयकू नाई आलं."

"पांदन हाय म्हनलं ना! माहं वावर नाही हे!"

साहेबांनी तलाठ्याकडे पाहिलं. "लिहा. पंचनामा करा, जागेवरच. आणि हे काटे आजच्या आज निघाले पाहिजेत."

तलाठ्यानं टेप टाकून पेन काढलं. पंच म्हणून सह्या करायला सत्तेचाळीसांतलेच दोघं पुढं झाले. विमलताईनं त्यांची नावं खोडून पंचेचाळीस केले, मनातल्या मनात.

महिन्याभरात पंजाबरावानं उसन्या चाकांवर बंडी जुंपली. बंडी कापसानं शिगोशीग भरून पांदणीनं निघाली. शनीच्या दगडाशी बघतो तर तेलाचा ओघळ, उडीद, रुईच्या पानांची माळ. सारं गाव शनिवारी येऊन गेलेलं. विमलताई साबण-चुना घेऊन दर सोमवारी मुलांकडून तो दगड धुऊन घ्यायची आणि शनी कोणाचं काही बरंवाईट करत नाही, हे फळ्यावर लिहायची.

"मॅडम," समीक्षानं एकदा हात वर केला होता, "मंग आमच्या आबाजीची पांदन कोनं नेली?"

विमलताईनं तिला बाहेर जाऊन पाणी पिऊन यायला सांगितलं.

बंडी थांबली. पंजाबरावानं कासरा सोडला आणि दगडाला गुमान हात जोडले.

"तुमीही?" विमलताई कडाडली. "दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा पाठ हायत ना तुमच्या?"

"हायत. पन दोन साल अर्ज तुवा केले, अन् काम यानं एका शनवारी केलं. मानसानं उपकार इसरू नाई."

विमलताई बंडीवरून उतरली नाही. जे दोन वर्षं मनात धार लावून ठेवलं होतं, ते सगळं एका तेलकट दगडाच्या नावावर जमा झालं होतं. समोरून सदाशिवराव आले. दगडाजवळ चप्पल काढली, बंडीला वाट दिली आणि हळूच विचारलं, "विमलबाई, आजून किती ग्रह राह्यले?"

त्यांनी गायरानाची दोन एकर जमीन कुठं दाबली आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांना.

"दोन हायत भाऊ," ती म्हणाली. "लिंबाएवढेच हायत. पन लय दूर जातात."